मास्तरांच्या मशीनला मोटर

टेलरमास्तरांचा पाय बिघडला, तोही चांगला. डावा तिसऱ्या वर्षीच पोलिओने लुळा केला होता, त्याच्याकडून मास्तरांना अपेक्षाच नव्हती. पण ज्या उजव्याने चाळीस वर्षं एकट्याने मशीनचं पायडल हाणलं, तो आता कॉलर पुरी होईतो थरथरायला लागे.

"लहानपणी पोलिओ झालेल्यांना उतारवयात असं होऊ शकतं," डॉक्टर म्हणाले. "त्या पायाने दोघांचं काम ओढलंय. आता जपा त्याला."

बायकोने दुसऱ्याच दिवशी मशीनला मोटर बसवून घेतली. "जमली तर ठीक. नाहीतर दुकानाची किल्ली माझ्याकडे. घरी बसायचं."

"घरी बसायला मी काय म्हातारा झालोय?" बासष्ट वर्षांचे मास्तर कडाडले.

तेवढ्यात शाळेचे हेडसर मागे फाईल धरून तिरके तिरके आत आले. खुर्चीच्या खिळ्याने पँट नेमकी बसायच्या जागी उसवली होती आणि अर्ध्या तासात त्यांचा निरोप समारंभ होता. पँट मास्तरांकडे देऊन ते पडद्याचं कापड गुंडाळून कोपऱ्यात बसले.

मास्तरांनी सवयीप्रमाणे उजव्या पायाने दणका दिला. मोटर किंचाळली. शिवण उसवल्या जागेवरून सुसाट खाली गेली आणि पँटचे दोन्ही पाय एकमेकांना जोडूनच थांबली.

"अहो मास्तर, मला दोन पाय आहेत!"

"माझं एकावर भागलंच ना इतकी वर्षं? थांबा, उसवतो."

दुसऱ्या दणक्यात मागचा खिसा बंद झाला. हेडसरांनी घड्याळ पाहिलं. बायकोने किल्लीसाठी हात पुढे केला.

"किल्ली मिळायची नाही," मास्तर म्हणाले.

जन्मभर लाथा घातलेल्या त्या पायाला हळू दाबणं माहीतच नव्हतं. मास्तरांनी क्षणभर विचार केला, उजवा बाजूला सारला, मग दोन्ही हातांनी डावा उचलून पायडलवर ठेवला. त्याच्या अंगठ्यात जेमतेम चिमूटभर जोर होता. मोटरला तेवढाच हवा होता. मशीन शहाण्यासारखं गुणगुणलं आणि शिवण सरळ रेषेत उतरली.

हेडसर पँट चढवून पळाले. बायकोने पुढे केलेला हात पदराला पुसला.

मास्तरांनी खाली वाकून डाव्या पायाकडे पाहिलं.

"एकोणसाठ वर्षं बसून खाल्लंस," ते दरडावून म्हणाले, "उद्या नऊला हजर व्हायचं. रजा मिळणार नाही."