इंजिनघरातले दाजी मिस्त्री

दाजी मिस्त्रींना यंत्र बिघडलं एवढं सांगून चालत नसे. बिघडलेल्या यंत्राचा आवाज तोंडाने काढून दाखवावा लागे. "कसलो आवाज? करून दाखव माका," म्हणायचे आणि डोळे मिटून कान पुढे करायचे. परळच्या आमच्या गिरणीत चांगले झुपकेदार मिशांचे जॉबर, म्हणजे खात्याचे मुकादम, त्यांच्यापुढे उभे राहून खर्र-खर्र, टक-टक करत. एकदा खुद्द मॅनेजरसाहेबांनी घुं-घुं केलं. दाजी म्हणाले, "साहेब, जरा पोटातून."

दाजी तळाच्या इंजिनघरात, मी तिसऱ्या मजल्यावर सूत कातायच्या साचेखात्यात फिटर. वर काही अडलं की मी जिने उतरून धावायचो, आवाज काढायचो, मग इंजिन थांबवायचं की नाही ते दाजी ठरवायचे. तोवर वर तुटक्या सुताचा ढीग. शेवटी साहेब म्हणाले, वरून खाली बोलायला काहीतरी साधन घेऊ. निवड दाजींनी करायची.

त्या दिवसापासून दाजींचे पाय जमिनीवर नव्हते. दोन साधनं आली होती. एक विजेवर चालणारा टेलिफोन, दुसरी पितळी तोंडाची साधी नळी. एका टोकाला फुंकलं की दुसऱ्या टोकाला शिट्टी वाजायची. दाजींचा जीव जडला टेलिफोनवर. "तार बोलता रे, तार!" असं लालबागेत भेटेल त्याला सांगत सुटले. परीक्षेच्या दिवशी ठेवणीतला काळा कोट घालून आले.

मी वरून टेलिफोनमध्ये म्हटलं, "दाजी, ऐकू येतं का?" खाली गिरणीच्या गोंगाटात त्यांना ऐकू आलं फक्त खर्र-खर्र. त्यांनी इंजिन बंद केलं, सगळी गिरणी उभी केली, आणि कोटासकट तीन मजले चढून आले.

"खंय खरखरता?"

"काही खरखरत नाही, दाजी. मी बोलत होतो."

पुन्हा करून पाहिलं. पुन्हा दाजी वर. तिसऱ्या खेपेला ते जिन्यातच बसले, कोट काढून मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "नळी लावा."

नळी लागली आणि थोड्याच दिवसांत छताखालच्या, सगळे साचे फिरवणाऱ्या लांब दांड्याचं बेअरिंग तापून किंचाळायला लागलं. खाली कापसाचा भुगा, माणसं. मी नळीत फुंकलं. "दाजी, छताचा दांडा..."

"आवाज कर!"

मी जीव खाऊन किंचाळलो. इंजिन लगेच मंदावलं. वर धूर दिसला, पण ठिणगी पडली नाही. तेलाची झारी घेऊन दाजी वर आले, तोंडभर हसत. "बरोबर ओरडलंस, गोइंदा."

मग एका दुपारी, जेवणाच्या सुटीत, सगळं शांत असताना शिट्टी वाजली. मी भाकरी हातात धरूनच धावलो.

"गोइंदा, तुझ्या खिडकीतून दर्या दिसता मां? कोकणची आगबोट दिसता काय, बघ."

"कोण येणार आहे, दाजी?"



"येणारो कोण नाय रे. माझ्या आयेक जावन वर्सां झाली. गावच्या घरात आता दुसरे रवतत. बोट जाताना दिसली तर सांग, इतक्याच."

मी खिडकीशी गेलो. गिरण्यांच्या चिमण्यांपलीकडे पाण्यावर धुराची एक रेघ होती.

"दिसते, दाजी. दक्षिणेकडे चालली आहे."

"हां. आता खंय पोचली?"

सुटी संपेपर्यंत मी खिडकी आणि नळी यांच्यामध्ये येरझाऱ्या घालत त्यांना सांगत राहिलो.