धाकट्या पातीच्या अंगीं थोरलें चिलखत

श्रीकुलस्वामिनी प्रसन्न. जी डोळ्यांस न दिसणाऱ्या जिवांसही कूळ देते आणि कुळागणिक गुण देते, तिचे पायीं डोई ठेवून लिहितों, ऐकणारांनीं कान द्यावा. शके एकोणीसशें अडतीस, दुर्मुखनाम संवत्सरीं, राज्यांत बहुत आनंद असतां, सरकारस्वारी लेझीम खेळतां खेळतां चौथऱ्यावरून घसरली आणि डावे पायास खरचटलें. एवढेंसें खरचटलें, पण सरकार कोणाचें ऐकतात? तसेच आणखी दोन डाव खेळले, आणि मग जखमेंत जंतूंची फौज शिरली आणि पाय भोपळ्याऐसा सुजला आणि नवें औषध दिधलें तें फुकट गेलें. हे जंतू सोनेरी घराण्याचे. त्या घराण्याच्या दोन पाती, थोरली आणि धाकटी. गेल्या सालीं शेजारच्या राज्यांत थोरल्या पातीनें नव्या औषधाविरुद्ध चिलखत पैदा केलें, तेथें जुनें औषधही हरलें आणि तेथील सेनापतींचा पाय कापावा लागला. तेंच चिलखत आतां येथें दिसलें. सबब दिवाण सखोपंत यांणीं शस्त्रवैद्यांस बोलाविलें आणि डोळे पुसून बोलिले, "सरकार, चिलखत तेंच आहे. उद्यां सकाळीं पाय उतरवावा लागेल, नाहीं तर जिवावर बेतेल." सरकारांचें तोंड एवढेंसें जाहलें. म्हणाले, "अहो पंत, पुढल्या महिन्यांत आमच्या लेकीचें लग्न! वरातीपुढें आम्हीं नाचावयाचें नाहीं, तर काय तुम्ही नाचणार?"

मग राजवैद्य वेणूबाई, बाई मोठी हुशार आणि तोंडाची फटकळ, पुढें जाहल्या आणि बोलिल्या, "पंत, चिलखत पाहिलेंत, पण आंत कोण आहे तें पुसलेंत काय?" पंत म्हणाले, "जंतू आहे, आणखी कोण असणार? त्याची काय सोयरीक जुळवावयाची आहे?" बाई म्हणाल्या, "सोयरीक जुळवावयाची असती तर कूळ पुसलें असतेंत. पाय कापावयाचा म्हणून पुसलें नाहीं!" ऐसें बोलून बाईंनीं खुलासा केला कीं, दोन्ही पातींचे जंतू आपण काचेच्या बशींत वाढविले आणि पिढ्यांवर पिढ्या नवें औषध थोडथोडें चाखविलें, आणि दोन्ही पातींनीं चिलखत तेंच केलें. परंतु थोरल्या पातीचा बांधाच दणकट, तिच्या अंगास तें बसलें. आणि धाकट्या पातीनें चढविलें तेव्हां अंगावरची साल ताणून ताणून पातळ जाहली, आणि ज्या जुन्या औषधास दरबारानें पेन्शन देऊन कपाटांत बसविलें होतें, तें त्या सालींतून आरपार गेलें. "आणि सरकारांच्या पायांत शिरली ती धाकटी पाती आहे. मी स्वतः पाहिली."

पंतांस कांहीं उमजेना. तेव्हां सरकारच अंथरुणांत हसूं लागले. म्हणाले, "पंत, आमच्या लग्नांत थोरले बंधू दादासाहेब यांचा अंगरखा आम्हांस चढविला होता, आठवतें? दादासाहेबांस काय शोभे! आणि आम्हीं हात वर केला मात्र, काखेंत टर्रकन फाटला!" मग पंतही हसले, आणि हसतां हसतां रडले, आणि म्हणाले, "बाई, उतार न पडला तर?" बाई म्हणाल्या, "तर पाय घ्या आणि माझी राजवैद्यकीही घ्या."

मग जुनें औषध शिरेंतून दिधलें. सकाळीं शस्त्रवैद्य करवत घेऊन हजर जाहले, तों ताप उतरलेला आणि सूज ओसरूं लागलेली, आणि सरकार उठून बसले होते. म्हणाले, "करवत परत न्या, आणि जातां जातां मुदपाकांत शिरा सांगा!" दरबारांत काय तो हर्ष जाहला, वर्णन करितां पुरवत नाहीं. सरकारांनीं पुढें औषध पुरते दिवस घेतलें, एक दिवस चुकविला नाहीं, बाईंचा डोळाच तसा होता.

मग लग्न जाहलें, आणि सरकारांनीं हट्टानें दादासाहेबांचा तोच अंगरखा शिवून घातला आणि वरातीपुढें लेझीम घेऊन हात वर केले, तों दोन्ही काखांत टर्रकन फाटला. नवरी मुलगी ओरडली, "आबासाहेब, फाटला!" सरकार ओरडले, "फाटूं दे! पाय आमचाच आहे!" आणि सखोपंतही नाचूं लागले.

येणेंप्रमाणें सरकारांचा डावा पाय सरकारांपाशींच राहिला, तो अद्याप नाचतो. लिहिणाराचा हात दुखला, लिहिणें संपलें.