आरशातली मुलगी

मुलांनो, डोळे मिटा आणि कल्पना करा. भर दुपार. कपडे शिवायचं दुकान. मशीन थांबलंय, आणि बिनडोक्याच्या पुतळ्यावरचा अर्धवट शिवलेला झगा पंख्याच्या वाऱ्यावर हात हलवतोय. आत्या आणि तिची भाची चिमणी सोडली तर घरात दुसरं कुणी नाही.

"चिमणे, आरसा मिळाला गं!" आत्या मोबाइल नाचवत ओरडली.

ऑनलाइन लिलावात हा माणूसभर उंचीचा आरसा तिच्या हातून थोडक्यात गेला होता. आता विकणाऱ्याचा ईमेल आला होता: 'पहिलं गिऱ्हाईक माघारलं. आरसा तुमचाच. तासाभरात खालच्या लिंकवर पैसे भरा. कुणाला सांगू नका.'

आत्याची वर्षभराची शिल्लक जाणार होती. पण आरसा काय दिसत होता!

"बघू तरी," म्हणत चिमणीने आरशाचा फोटो मोठा केला आणि तिथेच थिजली.

"आत्या, आरशात कोण उभंय?"

"असेल त्यांची पोर."

"हाताला प्लास्टर आहे. आणि फ्रॉक तू शिवलेला. आत्या, ती मी आहे!"

नेमका तेव्हाच पंखा बंद पडला. झग्याचे हात हळूहळू खाली आले.

"अगं बाई! तुला कोंडून ठेवलंय आत?" आत्याने तिचा दंड चाचपला.

"मी इथे आहे ना!"

"म्हणून तर जास्त भीती वाटतेय!" मग आत्या कुजबुजली, "भुताचा आरसा आहे. भाव पाडून मागू का?"

चिमणी मात्र प्लास्टरकडेच बघत राहिली. गेल्या वर्षी हाडाच्या दवाखान्यातल्या आरशापुढे तिने हा फोटो काढला होता, आणि तिच्या मोठ्या ताईने तो इंटरनेटवर सगळ्या जगाला दिसेल असा टाकला होता. तिने दवाखान्यात फोन लावला.

"काका, तुमचा मोठा आरसा विकलात?"

"छे! त्याच्यापुढेच भांग पाडतोय," कंपाउंडर म्हणाला. "डॉक्टर आधी मला विकतील."

"आत्या, फोटो चोरलाय. त्याच्याकडे आरसाच नाही!"

लिंकवर टेकू पाहणारं बोट आत्याने चटका बसल्यासारखं मागे घेतलं. इतक्यात नवा ईमेल: 'दहाच मिनिटं उरली. घाई करा.'

चिमणीने आधी लिलावाच्या साइटवर तक्रार नोंदवली. मग तिथल्या फोटोखालच्या प्रश्नांच्या चौकटीत विकणाऱ्याला सावकाश लिहिलं, 'काका, वर्षभर तुमच्या आरशात उभी आहे. हात बरा झाला. आता बाहेर येऊ?'