चौलकर अण्णांचा कारकून

सिनेमा बघायला परवानगी मिळावी म्हणून साहेबांना तीन प्रतींत अर्ज करणारा माणूस तुम्ही पाहिलाय? मी पाहिलाय. नुसता पाहिला नाही, चार वर्षं त्याच्या शेजारच्या टेबलावर बसलोय.

चौलकर अण्णा आमच्या कचेरीतले थोरले कारकून. तेव्हा पनवेल कुलाबा जिल्ह्यात होतं आणि मी विचुंब्याहून चालत येणारा, नोकरीला नुकता चिकटलेला. अण्णा पन्नाशीचे, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीला घाबरणारे. दौतीत शाई भरली तरी तारीख टिपून ठेवायचे. का हो अण्णा? "पुढेमागे प्रश्न यायला नको, म्हात्रे." साहेब यांच्याकडे बघून नुसते हसले तरी मला कोपऱ्यात ओढायचे. "हसले का बरं? काही कानावर गेलं असेल का?" अहो, काय जायचंय कानावर!

असा माणूस एका राजकारणाच्या कादंबरीच्या नादी लागला होता, हेच नवल. एक मंत्री, एक खून, गायब होणारी फाइल, पानापानाला धडकी. वाचनालयातून अण्णांनी ती सात वेळा नेली, तीही पोथीसारखं कापड गुंडाळून, कारण सरकारी नोकर चोर मंत्र्याचं पुस्तक वाचतो असं कुणी म्हणायला नको. मला वाटायचं, खुनाबिनाचा शौक असेल. कसलं काय! खुनी कोण, हे सात वेळा वाचूनही त्यांना धड सांगता यायचं नाही. त्यांचं सगळं चित्त दीड पानापुरत्या एका कारकुनावर. मंत्र्याचा माणूस फाइल मागायला येतो, कारकून नाही म्हणतो, ती सदऱ्याच्या आत घालतो आणि सरळ घरी जातो. पुढे त्याचं काय झालं ते लेखकसुद्धा विसरला. अण्णा विसरले नाहीत. "काय माणूस हो! पाय लटपटले असतील, पण दिली नाही."

त्या कादंबरीवर सिनेमा निघाला आणि अण्णांची झोपच उडाली. मुंबईत कुणी तो बघून आला की त्याला एस.टी. स्टँडवर गाठायचे. "कारकून ठेवलाय का हो त्यात?" लोक नटीचं सांगायचे, गाण्यांचं सांगायचे, कारकुनाचा पत्ताच नाही. "कापला असेल तर?" हे मला दिवसातून दहा वेळा. मी एकदा वैतागून म्हणालो, "अण्णा, कापला तर कापला. तुमचा काय मेव्हणा लागतो?" दिवसभर खुर्ची भिंतीकडे वळवून बसले.

शेवटी सिनेमा आमच्या गावच्या पत्र्याच्या थिएटरात लागला, फक्त रविवारपर्यंत. तेव्हाचा तो अर्ज. साहेबांनी शेरा मारला, 'कोणत्या नियमान्वये?' थट्टाच ती, पण अण्णा दोन दिवस नियमांची पुस्तकं उपसत बसले. शनिवारी त्यांचा चेहरा बघवेना, तसा मीच साहेबांकडे गेलो. साहेब हसत बाहेर आले. "अहो चौलकर, जा की बाबा! मी पण येतोय उद्या."

झालं! नवीन पंचाईत. खुर्चीचं तिकीट काढावं तर साहेबांच्या बरोबरीला बसणं. पुढच्या बाकाचं काढावं तर साहेबांकडे पाठ. तीनच्या खेळाला अण्णा बाकावर तिरके बसले, एक डोळा पडद्यावर, एक साहेबांवर.

मध्यंतर झालं तरी कारकून नाही. "कापला, म्हात्रे," अण्णा पुटपुटले. चहासुद्धा घेतला नाही. आणि मग आला! तीच कचेरी, तेच कपाट. अण्णांनी माझं मनगट गच्च धरलं. मंत्र्याच्या माणसानं हात पुढे केला. कारकुनानं इकडेतिकडे बघितलं, आणि कपाटातून फाइल काढली.

"अरे, देऊ नकोस!"

अण्णा उभे होते. अख्खं थिएटर हसलं. "ए म्हाताऱ्या, बस खाली!" पडद्यावरच्यानं फाइल देऊन टाकली. अण्णा साहेबांच्या समोरून, त्यांच्याकडे न बघता, बाहेर चालू लागले.

वडाळे तळ्याच्या काठावर मी त्यांना गाठलं. खाली बसले होते, चपला बाजूला. म्हटलं, "जाऊ द्या हो अण्णा, सिनेमावाल्यांना काय कळतंय? पुस्तकात तर त्यानं दिली नव्हती ना?"

"त्यानं नव्हती दिली," अण्णा म्हणाले. "मी दिली होती."

वीस वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका तालुक्यात. म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या जमिनीची फाइल. एक बडा माणूस मागायला आला. "त्याला दुसऱ्यांदा मागायची वेळसुद्धा आणली नाही मी, म्हात्रे. जमीन गेली त्याची. आदल्याच आठवड्यात तो म्हातारा वालाच्या शेंगा घेऊन आला होता. 'आमाला कागदातला काय कलत नाय, तुमी हाय म्हनून धीर हाय,' म्हणाला. शेंगा मी घरी नेल्या. हिनं शिजवल्या, आम्ही दोघांनी खाल्ल्या. हिला शेवटपर्यंत सांगितलं नाही."

अण्णा रडत होते. दिवसाउजेडी, रस्त्याच्या कडेला, कोण बघतंय याची पर्वा न करता.

"तुम्ही शेतकऱ्याच्या घरचे. माझ्या जागी असतात तर दिली असतीत?"

खोटं कशाला बोलू, मला राग आला होता. माझ्या बापाच्या जमिनीचे कागदही असेच कुठल्यातरी कपाटात, कुठल्यातरी कारकुनाच्या भरवशावर पडले होते. पण समोर बसलेल्या माणसाचे ते हाल मला सोसवेनात.

"दिली असती, अण्णा," मी म्हणालो. "कुणीही दिली असती."

अण्णांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. चार वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे नजर न चोरता बघितलं.

"नाही, म्हात्रे," ते म्हणाले. "तुम्ही नाही द्यायची."