कामरगावात समुद्र कोणी नासवला?

कामरगावात गुन्हा करणाऱ्याने आधी हौसाबाईची, म्हणजे माझी, परवानगी काढावी. नाहीतर सापडलाच म्हणून समजा. माझी शाळा दुसरीत सुटली, कारण मास्तरांना माझ्या प्रश्नांची उत्तरं येत नव्हती. पण शेजारची फोडणी कोणत्या तेलाची, हे मी अंथरुणातून सांगते. सुनेच्या नुसत्या चालीवरून तिच्या माहेरचा फोन येऊन गेला की यायचाय, तेही सांगते.

तर केस अशी. माझ्या रवीने बैठकीत काचेच्या पेटीत समुद्र पाळलाय. लोकांची पोरं म्हैस पाळतात. पेटीत पट्ट्यापट्ट्यांचे मासे आणि फुलासारखी उमलणारी जिवंत पोवळी. ऐन मे महिन्यात ती पोवळी मिटायला लागली आणि रवीचं जेवण सुटलं. खारेपणा मोजायची एक छोटी दुर्बीण आहे, तिच्यातली रेघ रोज वर चढत होती.

"आई, असंच मीठ वाढत गेलं तं सारे मरतीन."

"मी आहो ना," मी म्हणाले. त्याचा चेहरा आणखी उतरला.

दुर्बीण घेऊन मी आधी शेजारच्या दुर्गाबाईचा ओटा न्याहाळला. तिची नजर वाईट, सगळ्या गावाला माहीत आहे. वर निळं, खाली पांढरं, दुर्गाबाई कुठेच नाही. म्हणजे फरार!

"आई, तिच्या काचेवर पाण्याचा थेंब टाका लागते," सून पल्लवी म्हणाली.

"एवढं माहीत होतं तं आतापर्यंत काहून लपवलं?" झाली ती दुसरी संशयित.

तिसरा बोका. तो रात्री येऊन गोडं पाणी तेवढं पितो आणि मीठ मागे ठेवतो, असा माझा पक्का अंदाज होता. रवीने यावर कपाळावर हात मारून घेतला. पटलं असणार.

उरले आमचे हे, दौलतराव. दिवसभर पेटीजवळ बसून, तोंडात सुपारी-तंबाखूचा खर्रा.

"खरं सांगा, पेटीत काय टाकता?"

"मी कायले टाकू? रवी टाकते. रोज बादलीभर मिठाचं पाणी."

"ते मीच सांगतलं त्याले. उन्हानं पेटीतलं पाणी कमी होते. मंग समुद्रात साधं पाणी टाकाव काय?"

ह्यांनी खर्रा या गालातून त्या गालात नेला. "काय वं, वरण आटलं तं त्यात काय टाकतं तू?"

"पाणी."

"मिठाचं?"

"मिठाचं कायले? मीठ तं आधीच त्यात..."

पल्लवीने तोंडाला ओढणी लावली. मी उठून चुलीवरचं वरण ढवळायला गेले. तपासात कधीकधी जावं लागतं.

ऊन पाणी नेतं, मीठ नेत नाही, एवढीच गोष्ट. रवी फिल्टरचं साधं पाणी थोडंथोडं टाकू लागला. रेघ हळूहळू खाली आली. एका सकाळी पोवळी उमलली आणि पोट्ट्याने स्वतःहून भाकर मागितली.

आता हे गावभर सांगत फिरतात की केस त्यांनी सोडवली. संशयिताच्या तोंडून खरं कोणी वदवलं? आणि गुन्हेगार रवीच. हुकूम माझा होता, मान्य. पण ज्याने जन्मात आईचं एक ऐकलं नाही, त्याने नेमकं हेच कसं ऐकलं? यालाच कट म्हणतात.