संसदेची सुनावणी आणि कोकराची तंगडी

"हॉल भरायचं माझ्यावर सोडा! एक खुर्ची रिकामी राहिली तर नाव बदलीन!" असं मर्ल हॉचकिनने फोनवर थेट राजधानी कॅनबेराला ठणकावलं आणि आमच्या विराबांग गावातल्या गोंधळाचा नारळ फुटला.

मर्ल आमच्या क्लबची सेक्रेटरी. गावात कुणाकडे पाहुणा आला, का आला आणि जाणार कधी, हे तिला पाहुण्याच्या आधी कळतं. आता संसदेची समितीच येणार होती! लहान गावांना परदेशी कामगार आणायची व्हिसाची सवलत ठेवायची की काढायची, यावर लोकांच्या हरकती-सूचना ऐकायला. मर्लला रात्रंदिवस एकच ध्यास. सुनावणी दिसते तरी कशी? साक्षीदाराला चहा देतात का? बोलता बोलता शिंक आली तर तीही लिहून घेतात का?

पण या कुतूहलाखाली एक काळजी होती. आमचा खाटीक आर्नेल बाकिरान फिलिपिन्सचा, आणि त्याचा व्हिसा याच सवलतीवर टिकलेला. सवलत गेली की आर्नेल, बायको आणि शाळेतल्या दोन मुली, सगळ्यांना गाशा गुंडाळावा लागणार. मर्लचा त्याच्यावर फार जीव. म्हणून तिने अकरा पानी भाषण लिहिलं आणि आरशासमोर इतकं घोकलं की नवरा गॅरेजमध्ये जेवायला लागला.

सुनावणी शाळेत व्हायची होती. पण ऐन उन्हाळ्यात शाळेचा एसी बंद पडला, तेव्हा मर्लने ती क्लबात आणली. शुक्रवारी, संध्याकाळी पाच वाजता.

"शुक्रवारी?" डूगल पिम ओरडला. क्लबातली मटणाची सोडत तोच काढतो: तिकीट घ्यायचं, नंबर लागला की मटणाचं ताट बक्षीस. "अगं, शुक्रवारी सोडत असते!"

"एक आठवडा पुढे ढकल की!"

"पूर आला तेव्हा ढकलली नाही, ती आता संसदेसाठी ढकलू?"

शेवटी तह झाला. पुढे बारमध्ये सोडत, मागच्या खोलीत सुनावणी, मधे घडीची सरकती भिंत. कागदाला लाज वाटावी इतकी पातळ!

शुक्रवारी गाव लोटलं. समितीच्या अध्यक्षबाई हरखून गेल्या. "एवढे लोक धोरणावर बोलायला आलेत?"

"आमचं गाव जागरूक आहे," मर्ल म्हणाली आणि घाईघाईने विषय बदलला.

आधी कोणी बोलायचं हे चिठ्ठ्या टाकून ठरवायचं होतं, आणि समितीचा कारकून नंबराची तिकिटं कॅनबेरातच विसरला होता. मर्ल मदतीला धावली. बारमधून तिकिटांचं एक गुलाबी बंडल आणून दिलं. त्याच गुलाबी बंडलाचं, त्याच नंबरांचं जुळं भावंड डूगल पलीकडे विकत होता, हे तिच्या गावीही नव्हतं.

"सत्तेचाळीस!" अध्यक्षबाईंनी माइकवर पुकारलं.

"माझा! माझा!" भिंतीपलीकडून आरोळी आली आणि म्हातारा क्लेम ट्रेगर तिकीट नाचवत आत घुसला.

"बसा. काय मांडायचंय आपल्याला?"

"मांडायचं काय? माझं ताट द्या."

"कसलं ताट?"

"चॉप्सचं! नसेल तर सॉसेजचंही चालेल."

समितीचे सदस्य एकमेकांकडे बघू लागले. मर्लच्या तोंडचं पाणी पळालं. कारकून मात्र मान खाली घालून लिहीतच होता.

"आजोबा," अध्यक्षबाई जपून म्हणाल्या, "हा विषय परदेशी कामगारांचा आहे."

"मग मी कुणाबद्दल बोलतोय? आर्नेल यायच्या आधी या गावात खाटीकच नव्हता. सोडतीत काय मिळायचं? गोठलेली कोंबडी! मेंढरं पाळायची आम्ही, आणि सॉसेज आणायला शंभर किलोमीटर गाडी हाणायची! माझी बायको गेली ना, तेव्हा दारात पहिला तो उभा होता. हातात मटण. म्हणाला, क्लेम, खाऊन घे." म्हाताऱ्याने तिकीट टेबलावर आपटलं. "त्याला घालवणार असाल तर ठेवा तुमचं ताट तुम्हालाच!"

अध्यक्षबाईंनी चष्मा काढून पुसला.

मग काय! इकडचे नंबर तिकडे, तिकडचे इकडे. जो येई तो आधी ताट मागे आणि मग आर्नेलबद्दल बोले. दारात उभ्या आर्नेलचे कान लाल झाले होते.

"आता शेवटच्या साक्षीदार," अध्यक्षबाई म्हणाल्या. "मर्ल हॉचकिन."

मर्ल उठली. अकरा पानं सावरली. खाकरली. तेवढ्यात भिंतीपलीकडून डूगल गरजला, "मोठं बक्षीस! कोकराची अख्खी तंगडी! नंबर दोनशे बारा! दहा मोजेपर्यंत या, नाहीतर दुसरी चिठ्ठी! एक! दोन!"

मर्लने पर्समधलं तिकीट पाहिलं. दोनशे बारा! एकोणीस वर्षांत तिला साधं सॉसेज लागलं नव्हतं!

"बोला ना," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"सहा! सात!"

मर्लने आर्नेलकडे पाहिलं. मन म्हणत होतं, थांब. पाय कुणाचं ऐकतात? अकरा पानं खुर्चीवर, आणि मर्ल भिंतीपलीकडे!

तंगडी मिळाली. पण लोकांनी घेरलं, फोटो काढले, आणि ती कडेवर घेऊन मर्ल परतली तेव्हा समिती विमान गाठायला निघून गेली होती. मर्लला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी ती मान खाली घालून दुकानात गेली. "आर्नेल, रागावलास रे?"

"मर्लमावशी, ती तंगडी मीच निवडली होती," आर्नेल म्हणाला. "मीसुद्धा धावलो असतो!"

थंडीत अहवाल आला. मर्लने आधी निकाल पाहिला, एवढं तिच्या बाजूने सांगायला हवं. सवलत कायम! ती दुकानात जाऊन आर्नेलच्या गळ्यात पडून रडली. मग डोळे पुसून तिने कुतूहलाने स्वतःचं नाव शोधलं. ते शेवटच्या पानावर होतं:

"श्रीमती हॉचकिन: साक्ष नाही. साक्षीदार कोकराची तंगडी आणायला गेल्या."

शिंकसुद्धा लिहून घेतात का, हे आता तिने कुणाला विचारलं नाही.