जावईबापूंनी निवडलेल्या अळंब्या

सरजाबाईंनी सूप पुढ्यात ठेवलं तसा बन्सीधर जरा मागं सरकला. सुपात अळंब्यांचे दोन ढीग होते. एक वारुळावरचा, दुसरा बांधावरच्या कुजक्या बाभळीखालचा. "जावाईबापू, खायच्या कोन्त्या आन् टाकायच्या कोन्त्या, तेवढं सांगा," म्हणून सासूबाई पदराला हात पुसत उभ्या राहिल्या.

आता सांगतो काय, कपाळ! बन्सीधर परभणीच्या कृषी विद्यापीठात होता हे खरं, पण होता टायपिस्ट. लग्न जुळवताना मध्यस्थानं 'शेतीचे साहेब' म्हणून ठोकून दिलं आणि यानं तीन वर्षांत ते कधी खोडलं नाही. उलट चुडाव्याला सासुरवाडीला आला की कपाशीपासून कडब्यापर्यंत बिनधास्त सल्ले देत सुटायचा.

त्यानं एक अळंबी उचलली, उलटी केली, हुंगली आणि बाभळीखालच्या ढिगावर बोट ठेवलं. दिसायला तोच ढीग गोरापान होता. "ह्या चांगल्या. वारुळावरच्या फेकून द्या." सरजाबाई मान डोलवून आत गेल्या.

खरी पंचाईत ताटं वाढल्यावर झाली. त्या घरात जावयानं पहिला घास घेतल्याशिवाय कुणी अन्नाला हात लावत नसे. सासरे भगवानराव शेजारच्या पाटावर हात आखडून बसले होते. पोट बिघडलंय म्हणावं, तर सकाळीच दह्यासोबत चार धपाटे हाणलेले. त्यात त्याला आपणच टाइप केलेल्या एका कागदातलं वाक्य आठवलं, की नुसत्या दिसण्यावरून विषारी अळंबी ओळखता येत नाही. पुढचं वाक्य काही केल्या आठवेना.

त्यानं डोळे मिटून घास गिळला. जीभ चुरचुरली. तिखटानं की विषानं, कोण सांगणार? दुसरा घास घेतला तेव्हा कानशिलावरून घाम निथळत होता. मेलो तर मेलो, पण अब्रू तर राहील, असं तो मनाशी म्हणतोय तोच भगवानरावांनी भाजीत भाकरी बुडवली.

मग मात्र त्याला राहवलं नाही. त्यानं म्हाताऱ्याचं मनगट धरलं. "मामा, खाऊ नका. मला अळंबीतलं काय बी कळत न्हाई. मी टायपिस्ट हाय."

चुलीपाशी सरजाबाईंनी भाकरी उलटली.

"खावा की," सरजाबाई शांतपणे म्हणाल्या. "ह्या वारुळावरच्याच हायत. तुमी चांगल्या म्हनलेल्या तवाच उकिरड्यावर गेल्या."

"मग मला विचारलं कशाला?"

"जावायाला इचारावं लागतं. मान असतो त्यो."

बन्सीधरच्या जिवात जीव आला आणि लगेच मान खाली गेली. भगवानरावांनी निवांत घास चावला, पाण्याचा घोट घेतला आणि नेहमीच्याच अदबीनं विचारलं, "बरं, औंदा रब्बीला हरभरा टाकावा का करडई?"

"मामा, आता कशाला विचारता?"

"सांगा तर."

बन्सीधर चाचरत म्हणाला, "हरभरा."

भगवानरावांनी मान डोलवली आणि चुलीकडं वळून आवाज दिला, "ऐकलं का, करडईचं बी काढून ठेवा."